स्मिअर बघून घ्या

साताऱ्याकडून येणारी एसटी नवा बोगदा ओलांडून कात्रजला आली, की काही प्रवासी स्वारगेटची वाट न बघता इथेच उतरतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात फाईल असते. भोर, वाई, कराड, सांगली इकडचा रुग्ण पुण्यात शिरतो तो कात्रजच्या बाजूने, आणि त्याला लागणारे पहिले मोठे रुग्णालय म्हणजे धनकवडीचे भारती हॉस्पिटल. भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली इथे सुरू झाले. त्याच्या आसऱ्याने सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेडिकलची दुकाने, पोह्यांच्या गाड्या आणि पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्या वाढत गेल्या. या लेखाचा विषय त्या लॅबच्या काउंटरवरच सुरू होतो, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात दुर्लक्षित भागही तिथेच आहे.

रक्ताच्या कर्करोगाबद्दल वर्तमानपत्रांत येते ते बहुधा दुसऱ्या टोकाचे: जनुक बदललेल्या पेशी, कोटीच्या घरातली औषधे, अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्याबद्दलही पुढे येईलच. पण ज्या कागदावर या रोगाची पहिली चाहूल उमटते तो काही शे रुपयांत मिळणारा सीबीसीचा रिपोर्ट आहे. तो छापला गेल्यापासून रोगाचे नेमके नाव कळेपर्यंत जो काळ जातो, त्यात आपल्याकडची बरीच माणसे हातची जातात.

आधी थोडे शरीरशास्त्र. रक्त तयार होते हाडांच्या आतल्या मज्जेत. तिथल्या मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स बनतात, पिकतात आणि मग रक्तात सोडल्या जातात. ल्युकेमियात एखाद्या पेशीच्या जनुकांत असा बिघाड होतो की ती पिकतच नाही, नुसती वाढत राहते. या कच्च्या पेशींना डॉक्टर ‘ब्लास्ट’ म्हणतात. मज्जेतली जागा त्यांनी व्यापली की बाकीचे उत्पादन थांबते. तांबड्या पेशी कमी पडल्या की जिना चढताना धाप लागते, प्लेटलेट्स घसरल्या की दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. आणि कामाच्या पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत की ताप हटता हटत नाही. लिम्फोमात बिघाड मुख्यतः लसिकाग्रंथींत असतो, म्हणून गाठी येतात. मायलोमात प्लाझ्मा पेशी बिघडतात आणि हाडे पोखरतात. रक्ताचा कर्करोग हे या तिन्ही घराण्यांचे मिळून आडनाव झाले. प्रत्येक घराण्यात पुन्हा डझनांनी उपप्रकार आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

आता तो रिपोर्ट. सीबीसी आजकाल यंत्र काढते. यंत्र पेशी मोजते, त्यांचा आकार मोजते आणि काही विचित्र दिसले तर खूण करते. पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार, प्लेटलेट्स दीड ते चार लाख, या चौकटीबाहेरचा आकडा ठळक छापला जातो. पण पेशी कशी दिसते हे काचपट्टीवर रक्ताचा थर ओढून, तो रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने बघावे लागते. हीच पेरिफेरल स्मिअर. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखात जातात असा सर्वसाधारण समज आहे. कित्येकदा त्या कमीच असतात, किंवा आकडा अगदी सभ्य दिसतो आणि त्यातल्या निम्म्या पेशी ब्लास्ट निघतात. हे फक्त स्मिअरवर कळते. म्हणून रिपोर्टवर डॉक्टरांची ‘स्मिअर पाहिली’ अशी नोंद आहे की नुसता यंत्राचा छापील ठोकळा आहे, हे बघायला रुग्णाच्या नातेवाइकालाही वैद्यकीय पदवी लागत नाही. दोन पेशीप्रकार एकदम कमी झाले असतील, तर स्मिअर झालीच पाहिजे.

पुण्यात ही गोष्ट पावसाळ्यात विशेष अडचणीची होते. जुलै ते ऑक्टोबर हा डेंग्यूचा हंगाम. ताप आणि उतरलेल्या प्लेटलेट्स म्हटले की घरातले, शेजारचे आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही एकमताने डेंग्यू म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. फरक पुढे पडतो. डेंग्यूत प्लेटलेट्स साधारण आठ-दहा दिवसांत आपल्या आपण चढतात. त्या चढल्या नाहीत, किंवा सोबत हिमोग्लोबिनही उतरत चालले, तर पपईच्या पानांचा रस काढत बसण्याचे दिवस संपले असे समजावे. डेंग्यूच्या साथीत एखाद्या ल्युकेमियाने दोन आठवडे दडून राहणे मुळीच अवघड नाही.

दुसरा चकवा क्षयरोगाचा. मानेत किंवा काखेत गाठ, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटलेले: आपल्या देशात डॉक्टरच्या मनात पहिले नाव टीबीचे येणार, आणि यावेही. पण गाठीचा तुकडा काढून तपासण्याआधीच सहा महिन्यांचे टीबीचे औषध सुरू झाले आणि ती गाठ लिम्फोमाची असली, तर ते महिने आजाराच्या खात्यात जमा होतात. सुईने थोड्या पेशी ओढून केलेली तपासणीही लिम्फोमासाठी पुरेशी पडत नाही. शक्यतो अख्खी गाठ काढावी लागते, कारण पेशींइतकीच त्यांची मांडणीही बघायची असते. तिसरा चकवा कंबरेचा. पन्नाशी-साठीतल्या माणसाची न थांबणारी कंबरदुखी, जोडीला रक्त कमी आणि क्रिएटिनिन वाढलेले. मलम, पट्टा, ट्रॅक्शन यांत वर्ष निघून जाते. मग मणका दबतो आणि मायलोमा उघडा पडतो. रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी वेळेत केली असती तर तो आधीच सापडला असता. ती काही दुर्मीळ तपासणी नाही, बहुतेक मोठ्या लॅबमध्ये होते.

या सगळ्यांपेक्षा मोठा घात स्टेरॉइड करते. पाय दुखतात म्हणून रडणाऱ्या मुलाला संधिवात समजून, किंवा गाठींना, तापाला, अंगावरच्या चट्ट्यांना ‘जरा आराम पडावा’ म्हणून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या जातात. आराम पडतोही, कारण स्टेरॉइड हे लिम्फोमाचे आणि लहान मुलांतल्या ल्युकेमियाचे खरोखरच औषध आहे. पण अपुरे. पेशी तात्पुरत्या विरघळतात, तपासणीत नीट सापडत नाहीत, आणि रोग परततो तेव्हा त्याची मूळ प्रत कोणती होती हे सांगणे कठीण होते. निदान पक्के होण्याआधी स्टेरॉइड नको, ही एवढी शिस्त गावोगावच्या दवाखान्यांत पाळली गेली तरी पुष्कळ साधेल. नव्या औषधाला लागतो तसला पैसा याला लागत नाही, बहुधा म्हणूनच याचा गाजावाजाही होत नाही.

संशय पक्का झाला की मज्जेची तपासणी. ‘पाठीतून पाणी काढतात’ हे वाक्य ऐकून लोक घाबरतात. मज्जेची सुई मणक्यात जात नाही. कंबरेमागच्या रुंद हाडात, जागा बधिर करून घातली जाते. मज्जा ओढताना क्षणभर कळ येते, पण माणूस त्याच दिवशी घरी जातो. निघालेली मज्जा वेगवेगळ्या नळ्यांत जाते. जांभळ्या झाकणाची नळी फ्लो सायटोमेट्रीला आणि जनुकांच्या तपासणीला, हिरव्या झाकणाची गुणसूत्रे बघायला. नळी चुकली तर तपासणी चुकली. फ्लो सायटोमेट्रीला जिवंत पेशी लागतात, त्यामुळे नमुना एक-दोन दिवसांत यंत्रापर्यंत पोचावा लागतो. शनिवारी दुपारी काढलेला नमुना कुरिअरच्या कचेरीत सोमवारपर्यंत पडून राहिला, असले किरकोळ वाटणारे प्रसंग इथे निर्णायक ठरतात.

फ्लो सायटोमेट्रीत पेशींवर रंगीत खुणा असलेली प्रतिपिंडे चिकटवून त्यांना एकेक करून लेसरपुढून पाठवतात. पेशीच्या अंगावर सीडी १९ आहे की सीडी ३, सीडी ३४ आहे का, यावरून ती कोणत्या कुळातली हे ठरते. गुणसूत्रांच्या तपासणीत कुठला तुकडा कुठे जाऊन चिकटला आहे ते दिसते. फिश आणि पीसीआर या तपासण्या त्याहून बारीक शोध घेतात. आणि उपचार सुरू झाल्यावर दहा हजार पेशींत एखादीच वाईट पेशी उरली आहे का, हेही आता मोजता येते. त्याला एमआरडी म्हणतात. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसली की रोग गेला असे मानत. आता त्या स्वच्छ मज्जेतही कोणाला धोका आहे हे कळते, आणि त्या रुग्णाचे उपचार वाढवता येतात. दुसऱ्याचे कमी करून त्याला विषारी औषधांपासून वाचवता येते.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे वाटत असेल तर दोन उदाहरणे पुरतील. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यात एपीएल. यात गुणसूत्र १५ आणि १७ यांचे तुकडे अदलाबदल होतात. रोगी कर्करोगाने जाण्याआधी रक्तस्रावाने जातो, तोही काही दिवसांत. पण याचेच नाव वेळेत कळले तर तो सगळ्यात बरा होणारा रक्ताचा कर्करोग आहे. एट्रा नावाचे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध कच्च्या पेशींना पिकायला लावते. त्याचा उपयोग चीनमध्ये शांघायच्या वांग झेन-यी यांनी दाखवला. जोडीला आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपल्या वैद्यांच्या पोतडीतला सोमल, शिरेतून मोजून दिलेला. या दोन्हींनी नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या आर्सेनिकवरही मोठे यश मिळवून दाखवले. इथे नियम असा आहे की स्मिअर बघून नुसता संशय आला तरी, जनुकांचा रिपोर्ट यायच्या आधी, त्याच संध्याकाळी एट्रा सुरू करायचे. म्हणजे सातारा रस्त्यावरच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला पॅथॉलॉजिस्ट आणि त्याने उचललेला फोन, यावर एक जीव टांगलेला असतो.

दुसरे उदाहरण सीएमएलचे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ते ९ आणि २२ यांच्या अदलाबदलीतून होते हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ओळखले. त्या जोडातून जे प्रथिन बनते तेच रोगाचे मूळ. ते बंद करणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधी या आजाराला काही वर्षांची मुदत असे. मूळ चाचणीतले ऐंशी टक्क्यांहून जास्त रुग्ण दहा वर्षांनंतर जिवंत होते. रोज एक गोळी, आणि माणूस नोकरीवर. आपल्याकडे प्रश्न किमतीचा होता. कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने नोव्हार्टिसचे पेटंट नाकारले. सीएमएलचे रुग्ण पश्चिमेत साठीच्या आसपासचे असतात, आपल्याकडे बहुधा चाळिशीच्या आतबाहेरचे. म्हणजे इथे ती गोळी कर्त्या माणसाची गोळी असते. त्या निकालाने किती घरांचे उत्पन्न वाचले याचा हिशेब कोणी मांडला तर वाचायला आवडेल.

लहान मुलांच्या ल्युकेमियाची गोष्ट जास्त आपली आहे. तिच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे: भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत त्यांच्या पथकाने फॉलिक अॅसिडला अडवणारी रसायने बनवली, आणि त्यांतले अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी मुलांना दिले. १९४८ मध्ये फार्बर यांनी सांगितले, की सोळांपैकी दहा मुले काही काळ सुधारली. आज हसावेसे वाटेल, पण तोवर एकही मूल सुधारत नव्हते. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही बहुतेक मुलांच्या उपचारात देखभालीच्या काळात आठवड्यातून एकदा असतेच.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात सत्तरच्या दशकापर्यंत या आजारातून पाचात एखादे मूल वाचत असे. १९८४ मध्ये टाटा, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या इयन मॅग्रा यांच्यासोबत एक आराखडा ठरवला: एमसीपी ८४१. त्यात नवे औषध एकही नव्हते. जी होती तीच, सगळ्या केंद्रांत एकाच क्रमाने, एकाच मापाने, आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवून. जगण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोचले. मला हे संशोधनाचे फार मोठे उदाहरण वाटते, आणि शाळेच्या पुस्तकात ते नाही. त्याचा पुढचा अवतार इसाइकल नावाने २०१६ पासून कोलकाता, मुंबई, दिल्ली, चंडीगड आणि चेन्नई इथे चालवला गेला. त्यात मुलांचे धोक्यानुसार गट पाडून, एमआरडी मोजून, विषारी औषधे कुठे कमी करता येतील हेही तपासले गेले.

श्रीमंत देशांत ही मुले नव्वद टक्क्यांच्या आसपास बरी होतात. आपल्याकडचे अंतर औषधांच्या नावांत नाही. पहिल्या महिन्यात प्रतिकारशक्ती शून्यावर असताना जंतुसंसर्ग होतो. उपचार दोन-तीन वर्षांचे. पहिल्या काही महिन्यांनंतर मूल गोंडस दिसू लागते, केस येतात, आणि घरच्यांना वाटते झाले बरे. शेतीची कामे येतात, दुसरे मूल आजीकडे असते, गोळ्या सुटतात. डॉक्टर याला उपचार सोडणे म्हणतात. मला त्यापेक्षा उपचार परवडेनासे होणे म्हणावेसे वाटते, कारण गोळ्या स्वस्त असल्या तरी दर आठवड्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी स्वस्त नसते. म्हणून दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा उल्लेख मी केमोथेरपीच्या शेजारीच करीन. रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर स्वच्छ खोली आणि जेवण असले की मूल तपासणीच्या दिवशी हजर असते. पुण्यात, आणि विशेषतः सातारा रस्त्याच्या बाजूला, अशा निवाऱ्याची गरज एमआरआयच्या आणखी एका यंत्रापेक्षा मोठी आहे असे माझे मत आहे.

औषध हाती आले म्हणजे काम झाले असेही नाही. मुलांना दिल्या जाणाऱ्या अस्पॅराजिनेजच्या काही स्वस्त भारतीय उत्पादनांची ताकद कमी पडते, हे आपल्याच डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातली औषधाची क्रिया मोजून दाखवले. नाव तेच, बाटली तशीच, परिणाम मात्र अपुरा. उलट कधी कमी मात्रेतच पूर्ण काम होते. मर्कॅप्टोप्युरिन ही देखभालीच्या काळातली रोजची गोळी काही भारतीय मुलांना एनयूडीटी १५ या जनुकातल्या फरकामुळे नेहमीच्या मात्रेत झेपत नाही, पांढऱ्या पेशी कोसळतात. हा फरक आशियात बराच आढळतो, युरोपात क्वचित. युरोपच्या पुस्तकावरून मात्रा ठरवली तर हे कळायचे कसे? आणि एएमएल, म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमियातले व्हेनेटोक्लॅक्स: पोसॅकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध सोबत असेल तर यकृत व्हेनेटोक्लॅक्स सावकाश बाहेर टाकते, म्हणून चारशे मिलिग्रॅमऐवजी सुमारे शंभरातच भागते. बुरशीपासून संरक्षण आणि बिलात मोठी कपात, दोन्ही एकदम. भारतीय डॉक्टर याचा पुरेपूर फायदा घेतात. (घरी कोणी ही गणिते करू नयेत, हे सांगायला नको.)

प्रत्यारोपणाचा आपला इतिहासही मुंबईतच सुरू होतो. सिएटलला डोनाल थॉमस यांच्याकडे शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात एएमएल झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. देशातले ते पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. बालपणी पोलिओ झाल्यामुळे अडवाणी चाकांच्या खुर्चीवरून वॉर्डात फिरत. आज त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. दीनानाथ मंगेशकर, सह्याद्री अशा पुण्यातल्या रुग्णालयांत प्रत्यारोपणे होतात.

संशोधनात पुण्याचा वाटा तर त्याहून जुना आहे. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ, पुढच्या कमल रणदिवे. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी मुंबईत काम केले, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली आणि ल्युकेमियासह अनेक कर्करोगांवर संशोधन केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी रुजवलेली पेशी वाढवण्याची विद्या आज पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, एनसीसीएसमध्ये, मोठ्या प्रमाणावर चालते. देशभरच्या प्रयोगशाळांना लागणारे पेशींचे वाण तिथल्या भांडारातून जातात, आणि डॉ. वैजयंती काळे, डॉ. ललिता लिमये यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी कशा वाढवाव्या, कशा गोठवून टिकवाव्या यावर तिथे वर्षानुवर्षे काम केले.

आणि आता ते बहुचर्चित दुसरे टोक. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत एक जनुक घालायचे, म्हणजे त्यांच्या अंगावर सीडी १९ ओळखणारा हुक उगवतो. त्यांची संख्या वाढवून परत शिरेतून सोडायच्या. कार-टी असे या पद्धतीचे नाव. अमेरिकेत २०१७ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि खर्च तीन-चार कोटींचा. आयआयटी मुंबईतले डॉ. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला व त्यांचे सहकारी यांनी ती इथेच बनवली. जून २०२१ मध्ये टाटाच्याच खारघरमधल्या अॅक्ट्रेक या केंद्रात पहिल्या रुग्णाला दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार १९’ला देशाच्या औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचे लोकार्पण केले. खर्च परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. ६४ रुग्णांवरचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले: सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद. हे आकडे इतर सगळे उपाय थकलेल्या रुग्णांचे आहेत, म्हणून ते मोठे. आणि प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्तता नव्हे, त्यांतल्या अनेकांचा रोग पुढे परततो, हेही त्याच दमात सांगायला हवे. पण दहावा हिस्सा म्हटले तरी चाळीस लाखांच्या आसपास. या पेशी ज्या सीडी १९ला पकडतात ती खूण रुग्णाच्या ब्लास्टवर आहे का, हे पुन्हा फ्लो सायटोमेट्रीच सांगणार. म्हणजे निदान, उपचार आणि संशोधन हे तीन वेगळे विभाग कागदावरच असतात. एकाच नळीतली मज्जा तिघांच्याही कामाला येते, आणि रुग्णाची संमती घेऊन तिचा उरलेला भाग गोठवून ठेवला, नोंद नीट केली, तर दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या कामाला येते.

पैशाबद्दल दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात, पण पॅकेज लागू होते दाखल झाल्यावर. त्याआधीची फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्रे, पीसीआर यांचे काही हजार अनेकदा खिशातून जातात, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. अर्धवट नावावर उपचार सुरू होतात. दुसरी गोष्ट, धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. अशा रुग्णालयात गेलात तर समाजसेवा अधीक्षकाची खोली कोणती, हे पहिल्याच दिवशी विचारावे. शेवटच्या बिलाच्या वेळी विचारून फार काही हाती लागत नाही.

आणि पैशाने विकत न मिळणाऱ्या दोन गोष्टी. एक प्लेटलेट्स. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत. डेंग्यूच्या हंगामात मागणी वाढते, मे महिन्यात कॉलेजे बंद झाली की दाते आटतात, आणि केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाला मात्र बारा महिने लागतात. यंत्राने फक्त प्लेटलेट्स काढून बाकीचे रक्त परत देण्याची सोय मोठ्या रक्तपेढ्यांत असते. दीड-दोन तास लागतात.

दुसरी गोष्ट मूळ पेशी. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. लहान कुटुंबांत ते भावंडच नसते. निम्मी जुळणारी आई किंवा मुलगाही आता दाता होऊ शकतो, तरी पूर्ण जुळणारा परका दाता अजून लागतोच, आणि तो मिळतो नोंदणीतून: चेन्नईची ‘दात्री’ २००९ पासून, बंगळूरची डीकेएमएस त्यानंतर. एचएलए वंशपरंपरेने येते, म्हणून मराठी रुग्णाला जुळणारा दाता जर्मनीच्या नोंदवहीपेक्षा इथल्या नोंदवहीत सापडण्याची शक्यता जास्त, आणि आपल्या नोंदवह्या लोकसंख्येच्या मानाने किरकोळ आहेत. नोंदणीसाठी गालाच्या आतून बोळा फिरवावा लागतो, बस. पुढे कधी जुळले तर काही दिवस पेशी वाढवणारी इंजेक्शने आणि मग प्लेटलेट्स देतात तसे यंत्राला जोडून चार-पाच तास बसणे. हाड कापणे नाही, पाठीचा कणा नाही. कात्रज-धनकवडीच्या पट्ट्यात अभियांत्रिकीपासून औषधनिर्माणापर्यंत कॉलेजांची रांग आहे, नोंदणीच्या वयातली हजारो मुलेमुली तिथे रोज येतात. शिबिरे भरवणे सोपे आहे. शिबिराच्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांच्या आईवडिलांशीही बोलावे, कारण दोन वर्षांनी फोन येतो तेव्हा ‘आमच्या मुलीला हे झेपणार नाही’ असे घरून सांगितले जाते. तोवर तिकडे रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी संपवायला घेतलेली असेल, तर त्याच्याकडे परतीची वाट नसते. नाही म्हणायचे असेल तर ते बोळा फिरवण्याआधी म्हणावे.